चिकटलं तर दुकान तुमचं

“उडाला, उडाला!” दारात उभी असलेली आई ओरडली आणि तिने त्या मशीनला चक्क हात जोडले.

उडाला होता माझा अंगठा. दाताच्या डॉक्टरांकडे असते तसल्या खुर्चीत मी मागे रेलून बसले होते. डोक्याला घट्ट पांढरी टोपी, कानात बोळे. कानातली कुडी, केसातल्या पिना, गळ्यातली चेन सगळं काढून आईच्या रुमालात बांधलेलं. डॉ. उपाध्येबाईंनी दोन कडी शेजारी शेजारी जोडावीत तसं दिसणारं ते यंत्र माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं, ‘टक्’ असा आवाज झाला आणि माझा उजवा अंगठा मला न विचारता टुणकन वर आला.

“ही खूण सापडली की पुढची जागा काढता येते,” बाई म्हणाल्या. “इथून थोडं पुढं सरकून रोज ठोके द्यायचे. चुंबकाचा झटका आहे हा, विजेचा शॉक नव्हे. घाबरायचं काही कारण नाही.”

“मग इथंच ठेवा की ओ,” आई म्हणाली. “इथं लगेच ऐकायला लागलीय ती.”

आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसले होते. मिरजेत आमचं भांड्यांचं दुकान. माणूस कितीही शिकलेला असो, आप्पा त्याच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसंच बोलायचे. “डॉक्टर, स्पष्ट विचारतो. राग जाईल ना हिचा? घरात लग्न आहे.”

बाईंनी यंत्र बाजूला केलं. “मीही स्पष्टच सांगते. हे मशीन मुख्यतः डिप्रेशनसाठी वापरतात. शलाकाला जो आजार आहे, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, त्यावर याचा कितपत उपयोग होतो याचा अजून अभ्यासच चाललाय. काहींना फरक पडतो, काहींना नाही. तिचं मनही फार उदास असतं, म्हणून आपण करून बघतोय. आणि आठवड्याचा बोलण्याचा तास सोडायचा नाही, खरं काम तिथं होतं. राहिला राग. तो जाणार नाही. कुणाचाच जाऊ नये. फायदा झालाच, तर राग आणि हात यांच्यामध्ये थोडी जागा होईल. विचार करायला पुरेल एवढी.”

आप्पांनी मान डोलावली. त्यांनी ऐकलं ते एवढंच की लग्नाआधी उरकेल.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आप्पा राहिले नाहीत, दुकानात मी बसते, केस पिकायला लागलेत. तरी ते लग्न आठवलं की अजून माझं डोकं तापतं. तापू दे. त्या रागावर माझा हक्क आहे.

आजाराचं नाव लांबलचक असल्यामुळे आमच्या घरात त्याला ‘शलूचं ते’ म्हणायचे. “शलूचं ते पुन्हा सुरू झालं.” ते म्हणजे काय, तर माझ्या मनाला कातडंच नव्हतं. कुणी फोन उचलला नाही की मला वाटायचं, आपल्याला टाकलं. एखाद्याने जरा प्रेमाने विचारलं की तो देव, आणि संध्याकाळी तोच विसरला की तो वैरी. मग हाताला लागेल ते भिरकवायचं, नंतर स्वतःवरच सूड घ्यायचा. विकूच्या लग्नाआधी दोन वर्षं, आप्पांच्या बहिणीच्या, मालूआत्तीच्या, थोरल्या मुलीच्या लग्नात मी भर पंगतीत ताट उलटं केलं होतं. माझ्याशेजारी जेवायला बसतो म्हणालेला माझा भाऊ विक्रांत, म्हणजे विकू, मित्रांबरोबर निघून गेला, एवढंच कारण. त्याच्या पुढचं सांगत नाही. फुल बाह्यांचे ब्लाउज मी तेव्हापासून शिवते, एवढ्यावरून काय ते समजा.

विक्रांत माझ्यापेक्षा लहान. मी त्याला विकू म्हणायची, तो मला तायडे. त्या सगळ्या वर्षांत मला न घाबरता माझ्याजवळ बसणारा तोच एक होता. बाकीचे लांबून विचारायचे, “बरी आहेस ना?” हा कॉटवर येऊन बसायचा आणि म्हणायचा, “सरक तिकडं. केवढी जागा अडवलीस.” त्याचं बार्शीच्या मृदुलाशी ठरलं त्या दिवशी मी त्याच्याकडे एकच मागितलं होतं. करवली मी होणार. तो बोहल्यावर उभा राहील, तेव्हा तांब्याचा कऱ्हा आणि दिवा घेऊन त्याच्या पाठीमागे मी उभी राहणार. सख्खी बहीण एकच आहे त्याला. ही जागा माझीच.

“तूच,” विकू म्हणाला होता. “पण तेवढं मशीनचं करून घे, तायडे. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.”

करून घेतलं. मिरजेहून कोल्हापूरला रोज एसटीने जाऊन करून घेतलं. ते ठोके सुतारपक्ष्यासारखे टकटकटकटक पडत राहायचे, मध्ये थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू. कपाळाची शीर ठणकायची, भुवई फडफडायची. मला त्या आवाजाची भीती वाटली नाही, कारण मी तसल्याच आवाजात वाढले होते. आमच्या दुकानात आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे असायचं. हातात ते छोटं यंत्र धरायचं आणि टकटकटक करत ताटाच्या काठावर ‘चि. सौ. कां.’ पासून सुरुवात करायची. घरात माझा हात कितीही थरथरो, नाव घालताना कधी थरथरला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मी डोळे मिटून म्हणायची, घाला बाई, माझ्याही डोक्यावर एक चांगलंसं नाव घाला.

आणि चुंबकाची तर मला गंमतच वाटायची. आमच्या घरात चुंबक म्हणजे खोटं पकडायचं साधन. गल्ल्याशेजारी सुतळीला बांधून एक लोहचुंबक टांगलेला असायचा. गिऱ्हाइकाने पितळेच्या घागरीकडे संशयाने बघितलं की आप्पा तो काढून त्याच्या हातात द्यायचे. “लावा. आत लोखंड असेल तर चिकटेल. अस्सल तांब्या-पितळेला चिकटायचा नाही. चिकटलं तर दुकान तुमचं!” विकू शाळेत होता तेव्हापासून गल्ल्यावर उभा राहून हेच वाक्य आप्पांच्याच आवाजात म्हणायचा आणि गिऱ्हाईक हसत घागर घेऊन जायचं.

फरक पडला का? पडला. मशीनने किती पडला आणि त्या बोलण्याच्या तासांनी किती, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. राग यायचा तसा यायचा. पण आधी तो यायचा आणि त्याच क्षणी कप भिंतीवर असायचा. आता तो यायचा आणि मला दिसायचा. आला बघ, असं म्हणायला सवड मिळायची. इतक्या वर्षांनी मिळालेली ती सवड मी कुणाला कशी समजावून सांगू?

शेवटच्या दिवशी मी उपाध्येबाईंना विचारलं, “आता कानातलं घालू का? लग्नात काही पथ्य?”

बाई हसल्या. “दारातून बाहेर पडलात की घाला. लग्नात सोन्याचा मुकुट घातलात तरी चालेल. खुर्चीत बसताना धातू नको, एवढंच होतं ते. झोप नीट घ्या आणि भरपूर नाचा.”

मी एसटीत बसून कुड्या घातल्या. तांबड्या काठाची हिरवी साडी, फुल बाह्यांचा नवा ब्लाउज, सगळं मनात नेसून झालं होतं.

घरी पोचले तर घर पाहुण्यांनी भरलेलं. मालूआत्ती इस्लामपूरहून धाकट्या तन्वीला घेऊन आली होती आणि हॉलच्या मधोमध सोफ्यावर बसून सगळ्यांना कामं सांगत होती. मला बघून तिने तन्वीला जवळ ओढलं, जणू मी चावणार होते. चहा हातात येतोय तोवर विकूने मला खुणावलं. आम्ही गच्चीवर गेलो.

“तायडे, एक सांगायचं होतं. चिडणार नाहीस ना?”

“एवढं ऐकूनच निम्मी चिडले. बोल.”

तो पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाला, “कऱ्हा तन्वी धरणार आहे.”

मला वाटलं, थट्टा करतोय. तो हसेल म्हणून मी वाट बघितली.

“डॉक्टर म्हणाल्यात,” तो घाईघाईने म्हणाला. “मशीनचा कोर्स झाल्यावर महिनाभर तांबं-पितळ हातात धरायचं नाही. चुंबकाचं असतंय ना ते. कऱ्हा तांब्याचा. उगीच तुला काही झालं म्हणजे?”

“कुणाला म्हणाल्या?”

“आप्पांना. फोनवर. तू पुढं दगदग करू नकोस, मागं पंख्याखाली निवांत बस. तुझ्यासाठीच म्हणतोय की गं.”

कोण म्हणत होतं हे? गल्ल्यावर उभं राहून हजार गिऱ्हाइकांना चुंबक लावून दाखवणारा माझा भाऊ. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि हा मला, तायडीला, सांगत होता की तांब्याचा कऱ्हा मला चालायचा नाही. दुसरी एखादी बरी थाप तरी मारायची! निदान तेवढी मेहनत तरी माझ्यावर घ्यायची.

माझ्या हातात चहाचा भरलेला कप होता. राग आला. असा आला की कान सुन्न झाले. मी त्याच्याकडे बघितलं, मग कपाकडे बघितलं. चहावर साय धरली होती. आला बघ, मी मनात म्हटलं. कप जागेवर होता, हात जागेवर होता. राग काही केल्या कमी होत नव्हता, पण तो माझा होता आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवणार होते.

“बरं,” मी म्हणाले.

विकूचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला तिथेच रडू आलं असतं. त्याला वाटलं, मशीनचा गुण आला. मला वाटलं, माझ्या भावाने मला गिऱ्हाईक समजलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात न्यायची भांडी दुकानातून टेम्पोत चढवायची होती. मी मदतीला उतरले. समया, तबकं, घंगाळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कऱ्हा. तो मीच चिंच लावून घासला होता, लखलखीत. सगळं गेल्यावर मी गल्ल्याजवळ गेले, सुतळीसकट लोहचुंबक काढला आणि पर्समध्ये टाकला. त्याचं काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. खोटं बोलणाऱ्यांच्या गर्दीत जाताना तो बरोबर असावा, एवढंच वाटलं.

कार्यालयात मला खरंच मागच्या रांगेत पंख्याखाली बसवलं. शेजारी आई. ती दर थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची, प्रेमाने नाही, उठेन म्हणून. पुढे तन्वी कऱ्हा घेऊन फोटो काढून घेत होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

आणि मग मालूआत्ती रुसली.

मानपानाची साडी दिली होती तिला, वराची आत्या म्हणून. तिने ती उलगडली, काठ बोटात धरून बघितला आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “विहिणीला पैठणी आणि मला हे पोतेरं? भावाकडं एवढीच किंमत राहिली होय माझी?” आणि तिने ती साडी फेकली. हो, फेकली. ब्लाउजपीससकट. वरचा नारळ घरंगळत जाऊन वाजंत्र्यांच्या पायाशी थांबला. मग तिने तन्वीला दंडाला धरलं, वरपक्षाच्या खोलीत शिरली आणि आतून धाडकन कडी लावली. कऱ्हा बाहेर खुर्चीवर राहिला.

मला वाटलं, आता बघू. आता हिला काय म्हणतात ते बघू.

काय म्हणावं? गडहिंग्लजचे मामा हसत म्हणाले, “चला, लग्न लागलं म्हणायचं! कुणीतरी रुसल्याशिवाय मांडवाला शोभा नाही.” आईसुद्धा माझा गुडघा सोडून धावली. दाराबाहेर गर्दी जमली. कुणी पाणी आणलं, कुणी दुसरी साडी आणायला दुकानात माणूस पिटाळला. आणि आप्पा! ज्यांनी माझ्या आजारपणात मला कधी दोन गोड शब्द ऐकवले नाहीत, त्या आप्पांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि ते दाराशी मांडी घालून बसले. “मालू, अगं तू या घराची माहेरवाशीण. तुझ्याशिवाय मांडव सुना गं. चुकलं माझं. दार उघड.” आतून हुंदके. बाहेर कौतुक. “फार मानी आहे हो मालूताई, पहिल्यापासून.”

मानी! मी ताट उलटं केलं तर शलूचं ते, आणि हिने साडी फेकली तर मान. मी बाथरूमची कडी लावली तर दार तोडून मला दवाखान्यात नेलं. हिने कडी लावली तर दाराशी फेटा. माझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण तराजू तरी एकच ठेवा की मेल्यांनो!

बोहल्यावरून गुरुजींचा आवाज आला, “वेळ टळतेय. करवली कुठंय? करवलीला आणा.”

आप्पा उठले. इकडेतिकडे बघितलं. मग त्यांची नजर मागच्या रांगेवर आली. खुर्चीवर राहिलेला कऱ्हा उचलून ते तरातरा माझ्याकडे आले आणि तो आईच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. “शलू, ऊठ. कऱ्हा घे आणि जा पुढं. तन्वी काही बाहेर यायची नाही आता.”

“तांब्याचा आहे आप्पा.”

“असू दे.”

“डॉक्टर नको म्हणाल्यात ना? फोनवर?”

“आता डॉक्टरचं काय काढतीस!” आप्पा दबक्या आवाजात खेकसले. “मुहूर्त चाललाय!”

राग आला. मागच्या सगळ्या रागांचा मिळून एक राग आला. मी तो बघितला. मग दोन्ही हात पर्सवर ठेवले आणि म्हणाले, “मी रुसलेय.”

आई धावत आली. “शलू, सुरू करू नकोस बाई. पाया पडते.”

“सुरू काय केलं मी? काही फेकलं? आवाज चढवला? हात मांडीवर ठेवून बसलेय. आत्ती रुसली तर आप्पांनी फेटा काढला. मी वराची सख्खी बहीण आहे, मी रुसले. माझाही रुसवा काढा.”

आजूबाजूच्या खुर्च्या वळायला लागल्या. बार्शीची मंडळीही बघू लागली. आप्पा जवळ वाकले. “काय पाहिजे तुला? साडी? देतो, पैठणी देतो. ऊठ.”

“विकूला बोलवा.”

“अगं नवरामुलगा तो, बोहल्यावर उभा आहे!”

“घरचे जावई रुसले तर नवरामुलाचा बापसुद्धा उठून जातो. मी वाट बघते.”

विकू आला. मुंडावळ्या बाजूला करत, गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी पर्स उघडली, लोहचुंबक काढला आणि सुतळी त्याच्या हातात दिली. दुसऱ्या हाताने खुर्चीवरचा कऱ्हा त्याच्यापुढे धरला. माझ्या हातात, तांब्याचा.

“लाव.”

“तायडे, इथं?”

“इथंच. चिकटलं तर मी आत्ताच्या आत्ता घरी जाते, पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. नाही चिकटलं तर डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळ्यांना सांग.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. त्याने चुंबक कऱ्ह्याला लावला, ‘टण्’ आवाज झाला आणि चुंबक घसरून सुतळीला लोंबकळत राहिला.

“आता तांब्याला चुंबक कुठं चिकटतोय होय?” मृदुलाचे एक काका मागून म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

विकूने सुतळी बोटाला गुंडाळली. “डॉक्टर काही म्हणाल्या नव्हत्या,” तो म्हणाला. “आप्पांनाही काही म्हणाल्या नव्हत्या. मीच आप्पांना म्हणालो, ताईला पुढं नको उभी करायला.”

हे ठरवणारे आप्पा नव्हते, आत्ती नव्हती. तोच होता. तरी हातातला कऱ्हा मी सोडला नाही.

“का?”

“भीती वाटली. तू काहीतरी करशील. मृदुलाच्या घरच्यांसमोर.”

“केलं का?”

“नाही.”

“साडी कुणी फेकली, विकू?”

त्याने खाली मान घातली. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या, त्या त्याने बाजूला केल्या नाहीत. “चुकलं तायडे,” तो म्हणाला. “चुकलं माझं. तू मशीनला गेलीस, रोज गेलीस, आणि मी एकदासुद्धा बरोबर आलो नाही. चल. तुझ्याशिवाय उभा राहणार नाही मी तिथं.”

मी उठले. माफ केलं म्हणून नव्हे. माफ करायला मला पुढे बराच काळ लागला. ती माझी जागा होती म्हणून उठले. आईने कऱ्ह्यावर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला आणि माझ्या दुसऱ्या हातात दिवा दिला.

मंगलाष्टकं संपेपर्यंत मी त्याच्या मागे उभी होते. राग गेला नव्हता. एकेका ‘शुभमंगल सावधान’ला तो पुन्हा वर यायचा. पण कऱ्ह्यातलं पाणी काठाबाहेर गेलं नाही आणि दिवा विझला नाही. शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तशी खोलीची कडी आपोआप निघाली. मालूआत्ती नवी साडी नेसून बाहेर आली आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसली. आप्पांनी तिला आग्रह करकरून जिलेबी वाढली.

लग्नानंतर पाहुण्यांत दोन पक्ष पडले. निम्मे म्हणाले, “मशीनचा गुण आला बघा, पोरीने काही फेकलं नाही.” निम्मे म्हणाले, “कसला गुण? भर मांडवात भावाला मान खाली घालायला लावली.” मी काही केलं असेल असं दोन्ही पक्षांना वाटलं नाही. जे काही केलं ते मशीनने केलं किंवा मशीनने केलं नाही.

पुढच्या आठवड्यात दाखवायला म्हणून कोल्हापूरला गेलो. आप्पाही आले. विकू बरोबर येतो म्हणाला होता, पण मीच त्याला अजून नको म्हटलं. उपाध्येबाईंनी विचारलं, “कसं झालं लग्न?”

मी तोंड उघडायच्या आधी आप्पा पुढे सरकले. “डॉक्टर, गुण आलाय तसा. पण पूर्ण नाही. अजून थोडे दिवस लावता येईल का मशीन?” आणि त्यांनी सगळं सांगितलं. आत्तीचं, मुहूर्ताचं, चुंबकाचं. काही लपवलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. “राग आला होता?”

“अजून आहे.”

“आणि हात?”

“कऱ्ह्यावर होता.”

बाईंनी मान डोलावली. “मग आता मशीन नको. बोलण्याचा तास चालू ठेवू.”

आप्पांचं समाधान झालं नाही. ते टेबलावर बोटं वाजवत बसले. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, “आप्पा, आलोच आहोत तर मालूआत्तीसाठी वेळ घेऊन जाऊया का?”

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला खरंच वेड लागलं होतं.

“तिला काय झालंय?” ते म्हणाले. “ती रुसली होती.”